पाला

लग्नानंतरच्या पहिल्या पौषात भेरूलाल ओट्यापाशी येऊन म्हणाला,
"बाई, आज पालो पडेगो."
मी मनात म्हटलं, पडू दे की,
झाडांचा धर्मच तो.
माझ्या कऱ्हाडच्या मराठीत पाला म्हणजे
मुळ्याचा, मेथीचा, शेळीपुढे टाकायचा.

सकाळी बटाट्याचे दोन बिघे काळे.
कुणी उकळतं पाणी ओतल्यासारखे.
सासरे बांधावर उकिडवे बसलेले.
मी चहा नेला. त्यांनी बशीत ओतला,
आणि तो निवेपर्यंत
एका शब्दाचा दुसरा अर्थ
मला न विचारता कळला.

याला एकोणीस हिवाळे झाले.
हातोदच्या पुढे, डांबर संपतं तिथून आत,
आमच्या मोटारघराच्या दाराला सुतळीने बांधलाय
दूध संघाच्या टाकीतून निवृत्त झालेला थर्मामीटर.
तो दीड अंश जास्त दाखवतो.
घरात सगळ्यांना ठाऊक आहे.
म्हणून वाचणारा दीड वजा करून सांगतो,
ऐकणारा सांगितल्यातून पुन्हा दीड वजा करतो,
आणि सासरे कॅलेंडरवर लिहिताना
आपल्या गुडघ्यांना विचारून तिसराच आकडा लिहितात.
खरी थंडी किती पडली
याची आमच्याकडे नोंद नाही.

थ्री-फेज रात्री दीडला येते.
श्रीरंग कानटोपी, तिच्यावर मफलर, त्यावर गोणपाट
असा जाडजूड होऊन निघतो,
आणि कडी हळूच लावतो, मी झोपलेय असं समजून.
मी रजईत डोळे मिटून मोटारीचा कानोसा घेते.
आधी ती घुरघुरते, मग पाइपात पाणी खोकतं,
मग एकसुरी चालू होते.
तेव्हा कुठे माझे पाय गरम होतात.

गोठ्यात नवं वासरू आहे.
त्याला निषादचं सहावीतलं स्वेटर घातलंय,
मरून, खिशावर शाळेचा बिल्ला,
पुढचे पाय बाह्यांतून काढून.
हजेरीला उभं राहिल्यासारखं ते दिसतं.
निषाद म्हणतो, "मला कधी इतकं नीट बसलं नव्हतं."

काल संध्याकाळी वारा एकदम थांबला.
आभाळ घासलेल्या तांब्यासारखं लख्ख.
मी गराडू तळत होते. सासऱ्यांनी हातातला तुकडा
जिरावणात बुडवता बुडवता थांबवला,
दाराबाहेर नाक काढलं आणि म्हणाले, "आज."

मुग्धाचा फोन आला, भंवरकुव्याच्या खोलीतून.
तिथे तिला अभ्यास आहे, हीटर आहे,
खिडकीतून समोरच्या क्लासची पाटी दिसते.
आम्हाला इथून फक्त त्या शहराचा
आग्नेयेकडचा पिवळा डाग दिसतो.
"आई, पडणार का?"
पाला म्हटलं की तिला आधी हाच आठवतो.
मुळ्याचा तिला मी शिकवलाय.

मग आम्ही सगळे निघालो.
कार्तिकापासून झाडून साठवलेल्या
सागाच्या, आंब्याच्या, निंबाच्या पाचोळ्याची पोती
बांधाबांधाने ओतली, वर पाणी शिंपडलं,
कारण जाळ नको होता, धूर हवा होता.
भेरूलाल काड्या ओढत, आम्हाला शिव्या देत
दिशा सांगत होता.
धूर वर चढेना, बटाट्यावरच लोळत राहिला,
अंगाखाली घेऊन झोपल्यासारखा.
डोळे चुरचुरत मी पोतं रिकामं केलं
आणि धुरातच मोठ्याने हसले.
श्रीरंगने विचारलं, काय झालं.
काय सांगणार? म्हटलं,
"पाला जाळतेय."
त्याला वाटलं, थंडीने डोकं चढलंय.

पहाटे गव्हावर पांढरं पीठ भुरभुरलेलं.
नाल्याकडच्या सखल तुकड्यात
बटाट्याच्या सहा ओळी गेल्या, सातवी अर्धी.
बाकी हिरवं.
सासरे तिथेच बांधावर, उकिडवे.
मी चहा नेला.
"किती होतं?"
मी दीड वजा करून सांगितलं.
त्यांनी बशी फुंकली, मनात दीड वजा केला,
आणि त्यांना आकडा पटलेला दिसला.

गोठ्यातून निषादची हाक आली.
वासराने स्वेटरचं वरचं बटण खाल्लंय.